विश्वाचे प्रसरण : वर्गात कसे समजावून द्यावे?

विश्व प्रसरण पावत आहे, हे वाक्य वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या कानांवरून बहुधा गेलेले असते. ते पाठही होते. पण एखादा चौकस विद्यार्थी त्यावर विचार करू लागला की प्रश्नांची रांग लागते. विश्व प्रसरण पावते तर ते कशात पावते? त्याचा मध्य कोठे आहे? सगळ्या दीर्घिका आपल्यापासून दूर पळतात, तर आपणच मध्यावर आहोत का? सगळेच फुगत असेल तर आपली फूटपट्टीही फुगेल, मग प्रसरण मोजायचे कशाने? आणि विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे असेल तर ४५०० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या पदार्थाचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचला तरी कसा?

हे सर्व प्रश्न योग्य आहेत. यांपैकी एकही प्रश्न 'पुढच्या वर्गात शिकाल' असे म्हणून टाळण्याचे कारण नाही. व्यापक सापेक्षता सिद्धांताचे गणित अवघड आहे हे खरे; पण या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी त्याची गरज नाही. इलॅस्टिकची पट्टी, दोन झेरॉक्स प्रती, संख्यारेषा आणि एक मुंगी एवढ्या सामग्रीवर बरेच काही समजावून देता येते. मात्र प्रत्येक उपमा कोठवर चालते आणि कोठे फसते, हे शिक्षकांना ठाऊक हवे. उपमेची मर्यादा सांगितली नाही, तर ती विषय समजावून देण्याऐवजी चुकीचे चित्र मनात पक्के करते.

निरीक्षण काय आहे?

प्रथम प्रत्यक्ष काय दिसले ते पाहू. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ येथे लॉवेल वेधशाळा आहे. तेथे व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ मध्ये देवयानी दीर्घिकेचा वर्णपट घेतला. (त्या काळी तिला तेजोमेघ समजत.) ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे, असे त्यांना आढळले. पुढील काही वर्षांत त्यांनी आणखी अनेक सर्पिल तेजोमेघांचे वर्णपट तपासले. त्यांतील बहुतेकांच्या वर्णरेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या होत्या, म्हणजेच ते आपल्यापासून दूर जात होते. वर्णरेषांच्या या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात.

वेग कळले, पण अंतरे? ती मोजण्याची किल्ली हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दिली. सेफीड जातीच्या ताऱ्यांचे तेज ठरावीक काळाने कमीजास्त होते आणि जितका हा आवर्तकाल मोठा तितका तारा मूळचा अधिक तेजस्वी, असे त्यांना दिसून आले. दिवा मुळात किती वॉटचा आहे हे माहीत असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते, तसेच हे. एडविन हबल यांनी माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीने १९२३ मध्ये देवयानीत असा तारा शोधला आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ बाहेर आहे हे सिद्ध केले. पुढे १९२९ मध्ये त्यांनी २४ दीर्घिकांची अंतरे आणि वेग एका आलेखावर मांडले. बिंदू विखुरलेले होते, पण त्यांतून एक तिरपी सरळ रेषा काढता येत होती. दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक.

त्यानंतर अधिक दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट मिळवण्याचे कष्टाचे काम मिल्टन ह्यूमेसन यांनी केले. ह्यूमेसन यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते. वेधशाळा बांधली जात असताना खेचरांवरून डोंगरावर सामान नेण्याचे काम ते करीत. पुढे ते तेथे झाडलोटीच्या कामावर लागले आणि त्यातून निरीक्षक झाले. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावे.

सिद्धांताच्या बाजूने अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व शक्य असल्याचे दाखवले होते. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी तर १९२७ मध्येच वेग आणि अंतर यांचे हे नाते मांडले होते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने २०१८ मध्ये या नियमाला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावे अशी शिफारस केली.

आजच्या मोजमापांप्रमाणे, दर दहा लाख पार्सेक (३२.६ लाख प्रकाशवर्षे) अंतरामागे दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७० किलोमीटरने वाढतो. या ७० या आकड्याला हबल स्थिरांक म्हणतात.

इलॅस्टिकची पट्टी

शिवणकामाच्या दुकानात मिळणारे रुंद इलॅस्टिक किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली लांब पट्टी घ्या. तिच्यावर दर ५ सेंटिमीटरवर खडूने खूण करून क, ख, ग, घ, च अशी नावे द्या. दोन विद्यार्थ्यांना ती दोन्ही टोकांना धरून, लांबी दुप्पट होईपर्यंत सावकाश ताणायला सांगा.

आता क वर बसून पाहू. ख चे अंतर ५ वरून १० झाले, म्हणजे ते ५ सेंटिमीटर सरकले. ग चे १० वरून २० झाले. सरकणे १० सेंटिमीटर. घ १५ आणि च २० सेंटिमीटर सरकले. वेळ सर्वांना सारखाच लागला. म्हणून दुप्पट दूर असलेल्या खुणेचा वेग दुप्पट आणि चौपट दूर असलेल्या खुणेचा चौपट. हाच हबल-लमेत्र नियम! च ला कोणी वेगळा धक्का दिलेला नाही. क आणि च यांच्या मध्ये ताणली जाणारी पट्टी जास्त आहे, एवढेच.

आता ग वर बसू. ग ला उजवीकडचे घ ५ आणि च १० सेंटिमीटर दूर गेलेले दिसतात. डावीकडचे ख ५ आणि क १० सेंटिमीटर. म्हणजे ग लाही 'सगळे माझ्यापासून दूर पळत आहेत आणि मी मध्यावर आहे' असेच वाटते. ख, घ यांनाही तसेच वाटेल. आपल्यापासून सर्व दीर्घिका दूर जातात यावरून आपण मध्यावर आहोत असा निष्कर्ष निघत नाही, तो यामुळे.

हाच नियम का?

वरच्या वर्गांतील मुलांना येथे एक पाऊल पुढे नेता येईल. वेग अंतराच्या सम प्रमाणातच का असावा? समजा, तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असता, तर? क च्या दृष्टीने ख चा वेग १, ग चा ४, घ चा ९ आणि च चा १६ झाला असता. आता ख वरून पहा. ख स्वतः १ वेगाने जात आहे. म्हणून त्याला ग चा वेग ४ वजा १, म्हणजे ३ दिसेल; पण तेवढ्याच अंतरावरच्या क चा वेग १ दिसेल. एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला १! ख ला लगेच कळेल की आपण खास जागी नाही, खास जागा क ची आहे.

कोणतीही जागा खास ठरू नये अशी अट घातली, तर एकच नियम शिल्लक राहतो : वेग अंतराच्या सम प्रमाणात. (उरतो तो पर्याय वेग सर्वत्र शून्य असण्याचा.) हबल यांच्या आलेखावरील सरळ रेषेचे महत्त्व यात आहे. विश्वात कोणीही मध्यावर नाही, ही गोष्ट ती रेषा सांगते.

दोन झेरॉक्स प्रती

पट्टीला एकच मिती असते. दोन मितींत हाच अनुभव देणारा एक प्रयोग झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो. पांढऱ्या कागदावर कशीही विखुरलेली चाळीस-पन्नास बारीक टिंबे काढा. त्याची एक प्रत मूळ आकारात कागदावर घ्या आणि दुसरी ११० टक्के मोठी करून पारदर्शक प्लॅस्टिकवर घ्या. पहिली प्रत म्हणजे कालचे विश्व आणि दुसरी म्हणजे आजचे.

पारदर्शक प्रत कागदावर ठेवा व कागद न फिरवता कोणतेही एक टिंब त्याच्या जोडीदारावर नेमके जुळवा. इतर सर्व टिंबे त्या टिंबापासून बाहेरच्या दिशेने सरकलेली दिसतील. ५ सेंटिमीटरवरचे अर्ध्या सेंटिमीटरने, १० सेंटिमीटरवरचे एका सेंटिमीटरने. जुळवलेले टिंब प्रसरणाचा मध्य असल्याचा भास होईल. आता पारदर्शक प्रत थोडी सरकवून दुसरेच टिंब जुळवा. मध्य तिकडे उडी मारील! वर्गातल्या प्रत्येकाला आपल्या आवडीचे टिंब निवडू द्या. चाळीस मुलांना चाळीस मध्य सापडतील. 'विश्वाचा मध्य कोठे?' या प्रश्नाचे याहून बोलके उत्तर फळ्यावर देता येणार नाही.

फुगा आणि पाव

पुस्तकांतून सर्वांत जास्त आढळणारी उपमा फुग्याची. ती चांगली आहे, पण जपून वापरली पाहिजे. फुग्यावर शाईने ठिपके काढले तर फुगा फुगताना ठिपकेही मोठे होतात. त्यामुळे दीर्घिकाही फुगतात असा गैरसमज होतो. त्याऐवजी फुग्यावर कपाळाच्या छोट्या टिकल्या चिकटवाव्यात. टिकल्यांचा आकार तोच राहतो, त्यांच्यामधील अंतरे वाढतात.

दुसरा धोका मोठा आहे. फुगा दाखवला की मुले त्याच्या आतल्या हवेकडे बोट दाखवून 'हा मध्य' म्हणतात, आणि बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवून 'यात तो फुगतो' म्हणतात. या उपमेत विश्व म्हणजे केवळ फुग्याचे पातळ रबर, फुग्याचा पृष्ठभाग. आतली हवा आणि बाहेरची खोली यांना विश्वात जोड नाही. पृष्ठभागावर चालणाऱ्या मुंगीला कोठेही कड लागत नाही आणि पृष्ठभागावर कोठेही मध्य सापडत नाही. मुंगीला 'आत' आणि 'बाहेर' या दिशाच नाहीत, असे स्पष्ट सांगूनच फुगा फुगवावा.

दुसरी उपमा बेदाणे घातलेल्या पावाची. यीस्ट घालून मळलेला मैद्याचा गोळा फुगू लागतो, तसे आतले बेदाणे एकमेकांपासून दूर जातात आणि स्वतः मात्र फुगत नाहीत. ही उपमा तीन मितींतील आहे, ही तिची जमेची बाजू. पण पावाला कड असते आणि पाव भट्टीतल्या मोकळ्या जागेत फुगतो. म्हणून मुलांना गोळ्याच्या आतल्या एका बेदाण्यावर बसवावे. असा पाव कल्पावा की कोणत्याही दिशेला कितीही गेले तरी पावच लागतो.

मग विश्व कशात प्रसरण पावते?

आता सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न. त्याला गणिताच्या शिक्षकांनी उत्तर द्यावे. फळ्यावर संख्यारेषा काढा. तिला दोन्ही बाजूंना अंत नाही. प्रत्येक पूर्णांकावर एक दीर्घिका आहे असे समजा. आता प्रत्येक दीर्घिकेला तिच्या आकड्याच्या दुपटीवर न्या. १ वरची २ वर, २ वरची ४ वर, ३ वरची ६ वर, उणे ५ वरची उणे १० वर. काय झाले? शेजारच्या दीर्घिकांमधील अंतर १ होते ते २ झाले, म्हणजे प्रसरण झाले. पण संख्यारेषा आधी जेवढी होती तेवढीच आहे! ती आधीही अनंत होती आणि आताही अनंत आहे. तिला फुगण्यासाठी बाहेर वेगळी जागा लागली नाही.

शून्यावरची दीर्घिका हलली नाही, म्हणून तो मध्य, असा आक्षेप एखादी हुशार मुलगी घेईल. तिला सांगावे की नंतर सर्व दीर्घिका सहा घरे डावीकडे सरकवून पहा. आता ६ वरची दीर्घिका जागच्या जागी राहिली आणि शून्यावरची उणे ६ वर गेली. शेजाऱ्यांमधील अंतरे मात्र तीच आहेत. शून्य कोठे मांडायचे हे आपण ठरवले होते, दीर्घिकांनी नव्हे.

प्रसरण म्हणजे दीर्घिकांमधील अंतरे वाढणे, एवढाच त्याचा अर्थ. अंतरे वाढायला 'बाहेर' असावेच लागत नाही. विश्व अनंत असो वा फुग्याच्या पृष्ठभागासारखे सांत, दोन्ही प्रकारांत हे लागू पडते.

मग आपण का फुगत नाही?

सगळेच त्याच प्रमाणात फुगले असते तर प्रसरण कधीच कळले नसते. पण तसे होत नाही. फूटपट्टीतील अणू विद्युत बलाने एकमेकांना धरून आहेत. पृथ्वी आणि सूर्य, आकाशगंगेतील तारे, एवढेच काय पण दीर्घिकांचे समूहसुद्धा गुरुत्वाकर्षणाने बांधलेले आहेत. प्रसरण दिसते ते समूहासमूहांमधील प्रचंड अंतरांत. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. नुसते प्रसरण असते तर ती सेकंदाला पन्नासेक किलोमीटरने दूर गेली असती. प्रत्यक्षात आकाशगंगा आणि देवयानी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने एकमेकींकडे येत आहेत, कारण येथे गुरुत्वाकर्षणाची सरशी झाली आहे. (स्लायफर यांना मिळालेल्या ३०० मध्ये सूर्याच्या आकाशगंगेभोवतीच्या गतीचाही वाटा होता.)

येथे एका गमतीदार योगायोगापासून सावध राहावे. अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसर किरण परतवून चंद्राचे अंतर मोजतात. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जात आहे. हबल स्थिरांक वापरून चंद्राच्या ३,८४,००० किलोमीटर अंतराला गणित केले तर उत्तर वर्षाला सुमारे २.७ सेंटिमीटर येते. आकडे जवळचे वाटतात, म्हणून चंद्र विश्वाच्या प्रसरणामुळे दूर जातो असे कोणी सांगेल. ते चूक आहे. चंद्र दूर जातो तो भरती-ओहोटीमुळे. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यातील थोडा जोर त्यामुळे चंद्राकडे जातो. पृथ्वी आणि चंद्र एकमेकांशी बांधलेले असल्याने प्रसरणाचा येथे संबंध नाही.

ताणलेली लाट

पुन्हा इलॅस्टिकची पट्टी घ्या. न ताणलेल्या पट्टीवर पेनाने लाटेचे चित्र काढा आणि पट्टी दुप्पट ताणा. लाटेच्या दोन शिखरांमधील अंतरही दुप्पट होईल. दूरच्या दीर्घिकेतून निघालेल्या प्रकाशाचे असेच होते. वाटेत असताना विश्वातील अंतरे जितक्या पट वाढली, तितक्या पट त्याची तरंगलांबी वाढते. हायड्रोजनची एक तांबडी वर्णरेषा प्रयोगशाळेत ६५६३ अँगस्ट्रॉमवर असते. ती एखाद्या दीर्घिकेच्या वर्णपटात १३,१२६ अँगस्ट्रॉमवर सापडली, तर तो प्रकाश निघाला तेव्हा दीर्घिकांमधील अंतरे आजच्या निम्मी होती असे समजावे. वर्णपट म्हणजे विश्वाच्या वाढीची जणू नोंदवही.

डिसेंबर २०२१ मध्ये अंतराळात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने शोधलेल्या काही दीर्घिकांत हे प्रमाण पंधरा पटींवर गेले आहे. जंबुपार होऊन निघालेला प्रकाश आपल्याकडे अवरक्त होऊन येतो. म्हणूनच ती दुर्बीण अवरक्त किरण टिपणारी बनवली आहे.

या उपमेचीही मर्यादा सांगितली पाहिजे. अवकाश हे रबरासारखे द्रव्य नव्हे, आणि ते प्रकाशाला चिमटीत धरून ओढत नाही. दुसऱ्या तऱ्हेनेही विचार करता येतो. प्रकाशाच्या वाटेवर दीर्घिकांची साखळी आहे. प्रत्येक दीर्घिका मागच्या दीर्घिकेपासून किंचित वेगाने दूर जात असल्याने तिला तो प्रकाश किंचित अधिक तांबडा दिसतो, रेल्वेची शिट्टी गाडी दूर जाताना खालच्या पट्टीत ऐकू येते तसा. या असंख्य लहान फरकांचा गुणाकार म्हणजेच एकूण ताम्रसृती. दोन्ही वर्णने एकच उत्तर देतात.

'लांबच्या प्रवासात प्रकाश थकतो, म्हणून तांबडा होतो. प्रसरण वगैरे काही नाही' असा पर्यायही पूर्वी सुचवला गेला होता. त्याची कसोटी लागली ती सुपरनोव्हांवर. ताम्रसृतीमुळे तरंगलांबी दीडपट झाली असेल, तर त्या दूरच्या सुपरनोव्हाचे तेज ओसरायलाही जवळच्याच्या दीडपट दिवस लागतात. प्रसरणात हे घडायलाच हवे, कारण दोन लाटांमधील वेळ वाढतो तसा कोणत्याही दोन घटनांमधील वेळही वाढलेला दिसतो. थकलेल्या प्रकाशात तसे होण्याचे कारण नाही.

रबरावरची मुंगी

आता अखेरचे आणि सर्वांत मोठे कोडे. त्यासाठी मुंगी हवी, कागदावरची चालेल. १० सेंटिमीटरची रबराची पट्टी आहे. मुंगी डाव्या टोकाहून उजव्या टोकाकडे सेकंदाला ४ सेंटिमीटर वेगाने चालते. प्रत्येक सेकंदाच्या शेवटी आपण पट्टी सर्वत्र सारखी ताणून आणखी १० सेंटिमीटर लांब करतो. म्हणजे उजवे टोक सेकंदाला १० सेंटिमीटरने पळते आणि मुंगी चालते फक्त ४ सेंटिमीटर. मुंगी पोहोचेल का? वर्गात हात वर करायला सांगा. बहुतेक मुले 'नाही' म्हणतील.

आता टक्क्यांत हिशेब करू. पट्टी ताणली की मुंगीही तिच्याबरोबर पुढे जाते, म्हणून तिने पार केलेला हिस्सा टक्क्यांत तोच राहतो. पहिल्या सेकंदात तिने १० पैकी ४ सेंटिमीटर, म्हणजे ४० टक्के पट्टी पार केली. दुसऱ्यात २० पैकी ४, म्हणजे २० टक्के, एकूण ६०. तिसऱ्यात ३० पैकी ४, म्हणजे १३.३, एकूण ७३.३. चौथ्यात १० टक्के, एकूण ८३.३. पाचव्यात ८, एकूण ९१.३. सहाव्यात ६.७; एकूण ९८. सातव्या सेकंदात पट्टी ७० सेंटिमीटर लांब आहे आणि उरलेले २ टक्के म्हणजे १.४ सेंटिमीटर. मुंगी पोहोचली!

या हिशेबात तीन वेगवेगळी अंतरे आहेत. मुंगी निघाली तेव्हा टोक १० सेंटिमीटरवर होते. मुंगी प्रत्यक्ष चालली २५.४ सेंटिमीटर. आणि ती पोहोचली तेव्हा दोन टोकांमधील अंतर ७० सेंटिमीटर होते. विश्वातही असेच आहे. १९६५ मध्ये पेंझियस आणि विल्सन यांनी ज्या सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर केला, ते प्रारण निघाले तेव्हा ज्या पदार्थातून ते निघाले तो आपल्या जागेपासून केवळ चार कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास होता. प्रारण सुमारे १३८० कोटी वर्षे चालले. दरम्यान अंतरे सुमारे ११०० पट झाली आणि तो पदार्थ आज सुमारे ४५०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाशाचा वेग कोणीही ओलांडलेला नाही. मुंगीच्या पायाखालच्या पट्टीच्या मानाने मुंगीचा वेग नेहमी ४ सेंटिमीटरच होता. सापेक्षतेचा नियम आहे तो एवढाच, की कोणतीही वस्तू आपल्या शेजारून जाणाऱ्या प्रकाशकिरणाला मागे टाकू शकत नाही. दूरदूरच्या दोन दीर्घिकांमधील अंतर वाढण्याचा वेग प्रकाशवेगाहून जास्त असायला त्याची आडकाठी नाही.

आता खेळाचा नियम बदला. पट्टी प्रत्येक सेकंदाला १० सेंटिमीटरने वाढवण्याऐवजी दुप्पट करा : १०, २०, ४०, ८०. मुंगीचे हिस्से होतील ४०, २०, १०, ५, २.५ टक्के. बेरीज ८० टक्क्यांच्या जवळ जात राहील, पण ८० ओलांडणार नाही. मुंगी कधीच पोहोचणार नाही! हा केवळ खेळ नव्हे. दूरच्या सुपरनोव्हांच्या निरीक्षणांवरून १९९८ मध्ये दोन गटांनी दाखवून दिले की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे. पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना त्यासाठी २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रसरण असेच चालू राहिले, तर सुमारे १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडील दीर्घिकांतून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीही येणार नाही.

वयाचा हिशेब आणि एक जुने संकट

हबल स्थिरांकावरून विश्वाच्या वयाचा अंदाज विद्यार्थ्यांना स्वतः करता येतो. दहा लाख पार्सेक म्हणजे ३०९ वर १७ शून्ये इतके किलोमीटर. एवढे अंतर सेकंदाला ७० किलोमीटर वेगाने तोडायला किती वेळ लागला असेल? भागाकार करा आणि वर्षातील ३.१६ कोटी सेकंदांनी पुन्हा भागा. उत्तर सुमारे १४०० कोटी वर्षे. अंतर दुप्पट घेतले तर वेगही दुप्पट, म्हणून उत्तर तेच. प्रसरणाचा वेग पूर्वी मंदावत गेला आणि नंतर वाढू लागला. हे दोन्ही परिणाम जवळजवळ फिटतात, म्हणून हे सोपे उत्तर १३८० कोटींच्या इतके जवळ येते.

हबल यांनी काढलेला स्थिरांक मात्र ७० नव्हता, सुमारे ५०० होता. त्यावरून विश्वाचे वय येते २०० कोटी वर्षे. पृथ्वीवरील खडकांचे वय तर त्याहून अधिक निघत होते. आईपेक्षा मुलगी वयाने मोठी! हे संकट वीस वर्षांहून अधिक काळ टिकले. १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी सेफीड ताऱ्यांचे दोन प्रकार असल्याचे दाखवले. दीर्घिकांची अंतरे दुप्पट झाली आणि विश्वाचे वयही.

त्या संकटाच्या काळातच, १९४८ मध्ये, हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते हे त्यांना मान्यच होते. पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवा पदार्थ निर्माण होत राहतो, म्हणून विश्वाला आरंभ नाही, असे त्यांचे म्हणणे. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी हॉइल यांच्यासह या पक्षाची बाजू दीर्घकाळ मांडली. हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये त्याचे सुधारित रूपही पुढे ठेवले. सूक्ष्मतरंग प्रारणाच्या पुराव्यामुळे बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. पण या वादातून एक भेद स्पष्ट होतो, तो वर्गात जरूर सांगावा. प्रसरण हे निरीक्षण आहे. त्याला आरंभ होता का, हा त्यापुढचा प्रश्न.

'महास्फोट' या शब्दाबद्दलही दोन शब्द. तो मूळ इंग्रजीत हॉइल यांनीच १९४९ मध्ये रेडिओवरील भाषणात वापरला. त्यामुळे मोकळ्या जागेत एका ठिकाणी फटाका फुटावा तसे चित्र डोळ्यांसमोर येते. संख्यारेषेचा खेळ उलटा खेळून पहा : अंतरे निम्मी करा, पुन्हा निम्मी करा. सर्वत्र गर्दी वाढत जाते, पण रेषा अनंतच राहते. महास्फोट कोठे झाला? सर्वत्र, तुमच्या वर्गाच्या जागीसुद्धा.

आजही सर्व काही सुरळीत नाही. सूक्ष्मतरंग प्रारणाच्या अभ्यासावरून, प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांप्रमाणे, हबल स्थिरांक ६७.४ येतो. सेफीड तारे आणि सुपरनोव्हा वापरून तो ७३ च्या आसपास येतो. दोन्ही मोजमापांतील संभाव्य चूक या फरकापेक्षा बरीच कमी आहे. १९५२ मध्ये झाले तसे कोणते तरी अंतर पुन्हा दुरुस्त करावे लागेल, की विश्वाच्या घटकांबद्दलची आपली समजूत बदलावी लागेल, हे ठरायचे आहे.

वर्गासाठी काही प्रश्न

१. एक दीर्घिका ५ कोटी पार्सेक दूर आहे. हबल स्थिरांक ७० धरला तर ती किती वेगाने दूर जात असेल? (उत्तर : सेकंदाला ३५०० किलोमीटर.)

२. मुंगी सेकंदाला ४ ऐवजी ५ सेंटिमीटर चालली, तर दुप्पट होत जाणाऱ्या पट्टीवर ती पोहोचेल का? (बेरीज ५०, २५, १२.५ अशी करून पहा. ती १०० च्या जवळ जाते. पण कधी गाठते का?)

३. शाईचे ठिपके काढलेल्या फुग्यावरच्या मुंगीने ठिपक्याची रुंदी हीच आपली फूटपट्टी मानली, तर तिला प्रसरण कळेल का? टिकल्या चिकटवल्या तर?

४. संख्यारेषेवर प्रत्येक दीर्घिका दुपटीवर नेण्याऐवजी नुसती १० घरे उजवीकडे नेली, तर प्रसरण झाले असे म्हणता येईल का? का?